फैजपूरचे वचन आणि आखाजीचा सौदा

डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, आणि अधिवेशन यशस्वी व्हावे म्हणून साने गुरुजींसारख्या कार्यकर्त्यांनी पूर्व खानदेश पायाखाली घातला होता. त्या अधिवेशनाने शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला. खंड आणि शेतसारा कमी व्हावा, कर्जाचा बोजा हलका व्हावा, या मागण्या त्यात होत्याच. परंतु शेतमजुरांना जगण्याजोगे वेतन आणि कामाची माणुसकीची परिस्थिती कायद्याने मिळवून द्यावी, असेही एक कलम त्यात होते. राष्ट्रीय चळवळीने शेतमजुराला दिलेले हे वचन आज जेथे केळीच्या बागा डोलतात त्याच शिवारात दिले गेले, याची आठवण खानदेशातील कोणत्याही पक्षाला आज नको आहे.

त्या कार्यक्रमातील इतर कलमांचे काय झाले? १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ पासून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. सहकारी पतपुरवठा आला, पाटबंधारे आले, विजेचे पंप आले. १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली. या प्रत्येक सुधारणेसाठी समाजवादी कार्यकर्त्यांनी लढे दिले, आणि ते योग्यच होते. पण सालदार हा कूळ नव्हे, म्हणून कूळकायद्याने त्याला काही दिले नाही. कापूस वेचणारी स्त्री ही कापूस विकणारी नव्हे, म्हणून खरेदी योजनेच्या कोणत्याही कागदावर तिचे नाव चढले नाही. फैजपूरच्या कार्यक्रमातील मालकीची आणि कर्जाची कलमे कमीअधिक प्रमाणात अमलात आली. मजुरीचे कलम तेवढे जागच्या जागी राहिले. जवळजवळ नव्वद वर्षे लोटली तरी ते तेथेच आहे.

कायदे नाहीत म्हणून हे घडले असे म्हणावे, तर तसेही नाही. किमान वेतनाचा कायदा १९४८ सालचा. समान कामाला समान वेतन आणि जगण्याजोगे वेतन ही दोन्ही तत्त्वे राज्यघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत, अनुक्रमे ३९ व्या व ४३ व्या अनुच्छेदांत, लिहिलेली आहेत. वेठबिगारी रद्द करणारा कायदा आणि स्त्री-पुरुषांना समान मोबदला देणारा कायदा हे दोन्ही १९७६ सालचे. किमान वेतनाच्या व समान मोबदल्याच्या तरतुदी पुढे २०१९ च्या वेतन संहितेत घालण्यात आल्या. कागदावर समता आहे आणि शिवारात ती नाही. मग ही विषमता टिकते तरी कशी?

आमचे म्हणणे असे की, ती मुख्यतः मजुरी मोजण्याच्या रीतीमुळे टिकते. खानदेशात मजुरी माणसाच्या नावावर आणि कामाच्या तासांवर मोजली जात नाही. ती सालावर, कोयत्यावर, किलोवर, ठेक्यावर आणि मानधनावर मोजली जाते. कायदा म्हणतो, एकाच कामासाठी दोन माणसांत भेद करू नका. मालक, मुकादम आणि सरकार मोजमापच असे निवडतात की दोन माणसे शेजारी उभी राहूच नयेत. तुलना करता आली नाही म्हणजे भेद सिद्ध होत नाही. आणि भेद सिद्ध झाला नाही म्हणजे कायदा हात बांधून बसतो. या युक्तीचा एकेक प्रकार नीट पाहिला पाहिजे.

पहिला प्रकार सालाचा. अक्षय तृतीया म्हणजे आमची आखाजी हा खानदेशात माहेरवाशिणींचा सण. झोके बांधले जातात, गौराई बसते. त्याच सणाला सालदाराचे जुने साल संपते आणि नवे ठरते. वर्षाची एक रक्कम ठरते, कोठे तिच्या जोडीला धान्य ठरते, आणि आगाऊ उचल दिली जाते. कामाचे तास ठरत नाहीत, सुट्टी ठरत नाही, आजारपणाची सोय ठरत नाही. एक दिवस चुकला तर खाडा धरला जातो. उलट रात्री अकराला वीज आली आणि बागेला पाणी द्यायला जावे लागले, तर तो वेळ कोणाच्याच हिशेबात येत नाही.

केवळ उदाहरणादाखल आकडा घेऊ. समजा, एका सालदाराचे साल एक लाख वीस हजार रुपयांना ठरले. गावात लगेच बोलले जाते की सालदार महिना दहा हजार मिळवतो, त्याला काय कमी आहे! पण तो वर्षाचे ३६५ दिवस बांधलेला आहे. दिवसाला सुमारे ३२९ रुपये पडले. पहाटे गोठ्यापासून रात्री पाण्यापर्यंत त्याचे १४ तास धरले, तर तासाला साडेतेवीस रुपये हाती राहतात. शिवाय त्याची बायको मालकाच्या गोठ्यातले शेण काढते, खळे झाडते, सणावाराला घरची कामे उरकते. तिचे नाव सौद्यात कोठेच नसते. म्हणजे एका माणसाच्या नावाने ठरलेल्या रकमेत दोन माणसांचे श्रम घेतले जातात. वर्षाअखेर उचल फिटली नाही तर ती पुढच्या सालावर चढते, आणि कर्जापोटी राबणे बेकायदा ठरवणारा कायदा १९७६ पासून असूनही सालदार त्याच खुंट्याला बांधलेला राहतो.

या प्रथेविरुद्ध खानदेश उठला नाही असे कोणी म्हणू नये. त्या वेळच्या धुळे जिल्ह्यातील आणि १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या शहादा तालुक्यात १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडीच्या भिल्लांवर हल्ला झाला, गोळी चालली, आदिवासीचा बळी गेला. त्यानंतर अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखा भिल्ल समाजातूनच आलेला नेता आणि बाहेरून आलेले तरुण कार्यकर्ते एकत्र आले व १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. हिसकावलेल्या जमिनी परत मिळाव्यात ही मागणी तिने केली. त्याचबरोबर सालदाराची मजुरी, कामाची वेळ आणि सुट्टी हे प्रश्नही तिने चव्हाट्यावर मांडले. बायका दारूचे गुत्ते फोडायला बाहेर पडल्या. बागायतदारांनी पीकसंरक्षणाच्या नावाखाली आपली फळी उभारली. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मजुरी वाढवून मागितली तोवर मालक कुरकुरत होते. सालदाराच्या वेळेला माप लावा म्हटल्याबरोबर त्यांनी संघटित प्रतिकार केला. वेळेला माप लागले की सालाचा सौदा कोसळतो, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळले होते.

दुसरा प्रकार कोयत्याचा. दिवाळी आटोपली की साक्री-नंदुरबारकडून आणि खानदेशच्या इतर कोरडवाहू भागांतून टोळ्या ऊसतोडीला निघतात. त्यांतील बऱ्याच टोळ्या दक्षिण गुजरातमध्ये, बारडोलीच्या परिसरातील साखर कारखान्यांच्या फडांवर जातात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात या मजुरांचा अभ्यास करून त्यांचे हाल जगापुढे मांडले. ज्या बारडोलीने १९२८ साली शेतसाऱ्याविरुद्ध सत्याग्रह करून देशाला निर्भयता शिकवली, त्याच बारडोलीत शेतकऱ्यांच्या सहकारी कारखान्यांनी खानदेशच्या मजुराला माणूस म्हणून मोजले नाही. तेथे मोजणी कोयत्यांची होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, आणि पुष्कळदा एखादे मूलही. नवरा ऊस तोडतो, बायको पाचट काढते आणि मोळी बांधून वाहते, मूल वाढे गोळा करते. मजुरी टनावर, उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेब मुकादमाच्या वहीत. कोयत्याला अमुक रुपये पडतात असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा ती रक्कम दोघांत वाटली पाहिजे हे सांगणारा विसरतो. आणि बायकोच्या हाती तर त्यातला एक रुपयाही पडत नाही, कारण वहीत ती नाहीच; वहीत लोखंडाचे एक पाते आहे. स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ साली केंद्राने कायदा केला. त्याने राज्याची सीमा ओलांडणारा मजूर पाहिला. त्या मजुराच्या शेजारी मोळी बांधणारी बाई त्यालाही दिसली नाही.

तिसरा प्रकार किलोचा. कापसाची वेचणी हे जवळजवळ संपूर्णपणे स्त्रियांचे काम आहे आणि ते किलोवर दिले जाते. वरवर पाहता हा न्याय वाटतो; जितके वेचाल तितके मिळवा. पण पहिल्या वेच्याला बोंडे भरगच्च फुटलेली असतात आणि शेवटच्या वेच्याला झाडावर कवड्या उरलेल्या असतात. हात तेवढेच चालतात, पाठ तेवढीच वाकते, ऊन तेवढेच असते आणि वजन मात्र निम्म्यावर येते. म्हणजे पिकाचा धोका मालकाच्या डोक्यावरून अलगद उचलून वेचणारीच्या ओटीत टाकला जातो. पाऊस चुकला, बोंडअळी आली, तर मालकाचे नुकसान झाले असे आपण म्हणतो, ते खरेही असते. त्याच दिवशी वेचणारीचेही नुकसान झाले. मात्र पंचनाम्यात तिला जागा नाही आणि विम्यातही नाही. धुळ्याच्या यंत्रमागावर कापडाच्या मापाने जो हिशेब होतो, त्यातही वीज गेलेला वेळ मजुराच्याच पदरी पडतो. वस्तू बदलली तरी पद्धत तीच.

जेथे रोजंदारी आहे तेथे भेद उघडच आहे. पुरुषाचा रोज वेगळा, बाईचा वेगळा, आणि दोन्हींत मोठे अंतर. कारण विचारले की ठरलेले उत्तर येते: बाईचे काम हलके. हे हलकेपण कोणत्या तराजूने जोखले? केळीचा घड कापून खांद्यावरून गाडीपर्यंत नेणे जड आहे, यात शंका नाही. पण मे महिन्यात, जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे चाललेला असताना, सकाळपासून सायंकाळपर्यंत उकिडवे बसून निंदणी करणे हलके कसे? जे काम पुरुष करतात ते जड आणि जे स्त्रिया करतात ते हलके, एवढाच या तराजूचा नियम आहे. फवारणीचा पंप पाठीवर घेणे हे कौशल्य ठरते. रोपे न दुखवता तण काढणे हे मात्र जन्मजात अंगवळणी पडलेले मानले जाते, आणि जन्माबरोबर आलेल्या गोष्टीचे दाम कोण देणार? जातीव्यवस्थेनेही सर्व श्रमांना हाच न्याय लावला होता.

याला उत्तर म्हणून महाराष्ट्राचाच एक अनुभव पुरेसा आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला आणि बंधारे घालायला बायका मोठ्या संख्येने बाहेर पडल्या. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्या योजनेत मजुरी कामाच्या मापावर होती आणि दरात स्त्री-पुरुष असा भेद नव्हता. मजुरी तुटपुंजी होती, हजेरीपटात गोंधळ होते, पैसे उशिरा मिळत होते. हे सारे खरे. तरीही बायका तेथे झुंडीने आल्या. का आल्या? कारण कोठे तरी त्यांच्या नावाची हजेरी लागत होती आणि तोच दर त्यांना लागू होता. त्यांचे श्रम हलके असते तर त्यांनी फोडलेल्या खडीचे ढीग पुरुषांच्या ढिगांहून वेगळे ओळखता आले असते. रस्त्यावर पसरल्यावर ते वेगळे दिसले नाहीत.

उरलेले दोन प्रकार शहराशी आणि सरकारशी संबंधित आहेत. एक काळ असा होता की जळगावची खानदेश मिल, अमळनेरची आणि धुळ्याची प्रताप मिल, चाळीसगावची मिल येथे कामगारांच्या संघटना होत्या, पगारपत्रक होते, भांडायला ठरलेली जागा होती. गिरण्या बंद पडल्या. नवे कारखाने आले, डाळ मिल वाढल्या, जिनिंग वाढले. पण त्यांच्याबरोबर ठेकेदार आला. सरकारने त्याच्याविरुद्ध उभे राहण्याऐवजी त्यालाच घरात घेतले. भुसावळच्या वीज केंद्रापासून जळगाव-धुळ्याच्या महापालिकांपर्यंत कायम स्वरूपाची कामे ठेक्याची माणसे करतात. एकाच यंत्रावर कायम कामगार आणि ठेक्याचा कामगार शेजारी उभे असतात आणि दोघांच्या पगारात जमीन-अस्मानाचे अंतर असते. कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० सालचा. तात्पुरत्या कर्मचाऱ्यालाही समान कामाचे समान वेतन द्यावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिला. त्यावर पळवाट अशी की हा आमचा कर्मचारीच नव्हे, ठेकेदाराचा माणूस आहे.

मानधनाची कथा याहून लाजिरवाणी आहे. १९७५ साली सुरू झालेल्या बालविकास योजनेतील अंगणवाडी सेविका आणि २००५ नंतरच्या आशा कार्यकर्त्या यांच्या श्रमांवर खेड्यांचे आरोग्य उभे आहे. त्यांना मिळते त्याला वेतन म्हणत नाहीत. वेतन म्हटले की किमान वेतन आले, निवृत्तिवेतन आले, म्हणून सरकारने मानधन हा शब्द शोधला. मान द्यायचा आणि धन ठेवून घ्यायचे! अंगणवाडी सेविकांना उपदानाचा हक्क आहे हे सांगायला एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. शेतमालकाने कोयत्यामागे बाई लपवली. शासनाने ती सेवाभावामागे लपवली.

येथे जातीचा प्रश्न येतो, आणि तो टाळून मजुरीविषयी बोलणे म्हणजे अर्धेच बोलणे. सालदार कोण आहे? भिल्ल, पावरा, दलित. टोळीत कोण आहे? तेच. शहराची गटारे साफ करणाऱ्या ठेक्यावर कोण आहे? त्याचे उत्तर तर देशभर एकच आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के, धुळ्यात सुमारे ३१ टक्के आणि जळगावात सुमारे १४ टक्के होते. पाणी, बागा आणि भांडवल तापीकाठच्या सखल पट्ट्यात. मजूर सातपुड्याच्या उतारावरून. जो भूगोल दिसतो त्यात जमिनीच्या हस्तांतरणाचा इतिहास दडलेला आहे, म्हणूनच आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा १९७४ साली करावा लागला.

‘आधी वर्ग, मग जात’ असे म्हणणारे मित्र आपल्याही चळवळीत आहेत. त्यांना मनमाडची आठवण द्यावी लागेल. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी भुसावळच्या याच लोहमार्गावर, मनमाडला, रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे एखादी जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, हेही त्यांनी स्पष्ट केले. अस्पृश्य कामगार वर्षानुवर्षे गँगमन म्हणूनच राहतो, कारखान्यात त्याला मिस्त्री होऊ देत नाहीत. पोर्टरची जागाही त्याला मिळत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकाम करून घेतो आणि अस्पृश्याला घरात घेता येत नाही. गिरणीच्या विणखात्यात त्याला शिरकाव नाही. पगारपत्रकात कोठेही ‘अस्पृश्यासाठी कमी’ असे लिहिलेले नव्हते. कोणाला कोणत्या कामापर्यंत पोचू द्यायचे, एवढेच ठरवलेले होते. कमी पगार मग आपोआप येत होता. आज बाईला फवारणी नाही, भिल्लाला मुकादमी नाही, सफाईवाल्याच्या मुलाला ठेक्याबाहेरचे काम नाही, ही त्याच नियमाची नवी पाने आहेत. दास्य वर्गाचेही असते आणि जातीचेही, हा विचार धुळ्याच्याच कॉ. शरद पाटील यांनी १९७८ साली सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापून आयुष्यभर मांडला. त्यांच्याशी आपले मतभेद असतील. पण त्यांचा प्रश्न टाळण्याचा अधिकार आपल्याला नाही. डॉ. राममनोहर लोहियांनीही मागासांना साठ टक्के विशेष संधी मागताना सर्व जातींच्या स्त्रियांना मागासांत धरले होते, हे समाजवाद्यांना तरी सांगावे लागू नये.

लोहियांचा आणखी एक धडा येथे कामाचा आहे. ऑगस्ट १९६३ मध्ये लोकसभेत ते म्हणाले की या देशातील २७ कोटी माणसे रोज तीन आण्यांवर जगतात. सरकारने पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. वाद आकड्यांचा दिसत होता. खरा वाद होता तो सरासरीचा. धनिकांचे उत्पन्न मिसळून काढलेल्या सरासरीत तळचा माणूस नाहीसा होतो, हे लोहियांना दाखवायचे होते. आज जळगाव जिल्ह्याच्या समृद्धीचे गोडवे गायले जातात तेव्हा हीच सरासरी पुढे केली जाते. जळगावच्या सराफ बाजाराचा सोन्याचा भाव रोज छापून येतो. रावेरच्या केळीचा भाव रोज जाहीर होतो. निंदणीचा रोज किती, वेचणीला किलोमागे किती, सालदाराचे साल किती, हे मात्र कोणत्याही फलकावर लिहिलेले नसते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींचे नाव २०१८ साली विद्यापीठाला दिले गेले, ते उचितच झाले. शेतात राबणाऱ्या बाईच्या शब्दांना आपण मोल दिले. तिच्या श्रमांचे मोल ठरवायला अजून कोणाला सवड झालेली नाही.

आता विरोधकांच्या आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप खुद्द शेतकऱ्याचा आहे आणि तो प्रामाणिक आहे: ‘शेतीच परवडत नाही, मजुरी कोठून देऊ?’ कापसाच्या भावाने कोरडवाहू शेतकऱ्याचे कंबरडे मोडले आहे, हे कोणी नाकारू नये. १९८० च्या दशकात शेतकरी आंदोलनाने असे सांगितले की शेतमालाला रास्त भाव मिळाला की मजुरीही आपोआप वाढेल. गेल्या चार दशकांत भाव चढलेही आणि पडलेही. चढत्या भावात मजुरी मागे रेंगाळली आणि पडत्या भावात ती आधी कापली गेली. ‘आपोआप’ काही वाढत नाही. २००४ साली नेमलेल्या स्वामिनाथन आयोगाने उत्पादनखर्चाच्या दीडपट भावाची शिफारस केली आणि ती मागणी आपण सर्वजण करतो. मग त्या उत्पादनखर्चात मजुरी कोणत्या दराने धरायची, हा प्रश्न आपण का विचारत नाही? बाईला कमी मजुरी दिली की कागदावरचा खर्चही कमी दिसतो, आणि खर्च कमी दिसला की हमीभावही कमी ठरतो. बाईच्या मजुरीतली कपात अशी फिरून शेतकऱ्याच्याच भावात उतरते. म्हणून मागणी अशी असली पाहिजे: खर्च काढताना स्त्री-पुरुष दोघांचीही कायदेशीर आणि समान मजुरी धरा, त्यावर दीडपट भाव द्या, आणि ज्या दराने भाव मागितला त्याच दराने मजुरी द्या. या एका मागणीत लहान शेतकरी आणि मजूर एका बाजूला येतात. भाव समान मजुरी धरून मागायचा आणि रोज मात्र जुन्याच दराने द्यायचा, असे करणाऱ्याला शेतकऱ्यांचा पुढारी म्हणवून घेण्याचा अधिकार नाही.

दुसरा आक्षेप असा की, आता मजूरच मिळत नाहीत, मजूर मालकाला नाचवतो. मजूर मिळत नाही तो दोन-चार आठवड्यांच्या हंगामात, वेचणीच्या आणि सोंगणीच्या घाईत. उरलेल्या महिन्यांत त्याचे काय होते, हे कोणी विचारत नाही. मजूर खरोखर एवढा दुर्मीळ आणि बलवान झाला असता, तर घरदार बंद करून, मुलांची शाळा सोडून, कोयता घेऊन शेकडो किलोमीटर तो कशाला गेला असता? बलवान माणूस उचल घेऊन आपले वर्ष गहाण टाकत नाही.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण तो आपल्याच पक्षाच्या बैठकांत हवेत तरंगत असतो. खानदेशात आपले बरेच कार्यकर्ते शेतकरी कुटुंबांतले आहेत. काहींच्या घरी बागा आहेत, काहींच्या घरी सालदार आहेत. मजुरीचा प्रश्न काढला तर आपलीच माणसे दुखावतील, मते जातील, असा हिशेब केला जातो. हा हिशेब चुकीचा तर आहेच, शिवाय समाजवाद या शब्दाशी तो प्रतारणा करणारा आहे. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांची गीता प्रवचने लिहून घेणारे साने गुरुजी गिरणी कामगारांच्या वस्तीतही तेवढ्याच तळमळीने वावरले. त्यांचे फोटो कार्यालयात लावायचे आणि आपल्या शेतातल्या बाईला पुरुषाहून कमी रोज द्यायचा, या दोन गोष्टी एका भिंतीखाली राहू शकत नाहीत.

तेव्हा करावे काय? मोर्चे काढावेत, निवेदने द्यावीत. ती आवश्यकच आहेत. पण मोजमाप बदलल्याखेरीज काही बदलणार नाही, म्हणून काम तेथून सुरू झाले पाहिजे. पहिली गोष्ट, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मजुरीचा फलक लागावा. त्यावर शासनाची किमान मजुरी आणि गावात प्रत्यक्ष दिली जाणारी स्त्रीची व पुरुषाची मजुरी शेजारी शेजारी लिहावी. ग्रामसभेत त्याचा ठराव मांडावा. तो फेटाळला गेला तर कोणी फेटाळला याची नोंद व्हावी. दुसरी, सालदाराचा करार लेखी व्हावा, त्यात तास, साप्ताहिक सुट्टी आणि आजारपणाच्या रजा असाव्यात, आणि त्याच्या बायकोकडून काम घेतले जात असेल तर तिची मजुरी वेगळी लिहावी. तिसरी, कोयत्याची मजुरी दोन नावांवर दोन खात्यांत जमा व्हावी, ही मागणी मुकादम आणि कारखाने या दोघांपुढेही ठेवावी. त्यासाठी टोळ्या निघण्यापूर्वी गावातच मजुरांची यादी माणसामाणसाच्या नावाने करावी. चौथी, ठेक्यावरील आणि मानधनावरील कामगारांच्या संघटनांना शेतमजुरांच्या लढ्याशी जोडून घ्यावे. त्यांची आणि वेचणारीची फसवणूक एकाच पद्धतीने होते, हे दोघींना एका सभेत बसल्यावरच कळेल. एक माणूस, एक मजुरी, एक पावती, एवढी घोषणा आपल्याला पुरेशी आहे.

आणि या सर्वांच्या आधी एक अट. ज्या कार्यकर्त्याच्या घरी शेती आहे, त्याने हे नियम प्रथम आपल्या बांधाच्या आत लागू करावेत. फावडे, तुरुंग आणि मतपेटी ही त्रिसूत्री लोहियांनी समाजवाद्यांना दिली. त्यातले फावडे प्रथम स्वतःच्या जमिनीत चालले पाहिजे. ज्याला हे जमणार नसेल त्याने पक्षात खुशाल राहावे, परंतु मजुरांच्या सभेत व्यासपीठावर बसू नये.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या शाखांनी येत्या आखाजीच्या दोन महिने आधी ही कामे हाती घ्यावीत. प्रत्येक तालुक्यातून निदान पाच गावे निवडावीत, तेथल्या सालदारांची आणि रोजंदारीच्या स्त्रियांची नावानिशी यादी करावी, प्रत्यक्ष मजुरीची नोंद करावी आणि आखाजीच्या आदल्या दिवशी ती गावाच्या चावडीवर जाहीर वाचावी. मालक रागावतील, काही आपलेच नातलग असतील. फैजपूरला दिलेले वचन त्यांच्या सोयीने पाळायचे असते, तर त्याला नव्वद वर्षे लागली नसती.